मशेरी सोडताना: १८००-११-२३५६ ही दूरध्वनी सेवा आणि निकोटीनचे च्युइंगम

मशेरी लावणाऱ्या बाईने ती सोडायचे ठरवले तर तिला मदत कुठे मिळते, याचा शोध घेताना मी ज्या दोन गोष्टी वापरल्या, त्यांच्याविषयी हे लिहीत आहे. पहिली म्हणजे केंद्र सरकारची तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असलेली निःशुल्क दूरध्वनी सेवा, १८००-११-२३५६. आणि दुसरी, औषधाच्या दुकानात मिळणारे २ मिलिग्रॅम निकोटीनचे च्युइंगम. दोन्हींचा मला उपयोग झाला आहे आणि दोन्ही वापरून पाहाव्यात असेच माझे सांगणे आहे. मात्र दोन्ही आखताना समोर बिडी, सिगारेट किंवा गुटखा घेणारा माणूस होता, पहाटे न्हाणीत उभी राहून हिरड्यांवर बोट फिरवणारी बाई नव्हती, हे वापरताना वारंवार जाणवते. त्यामुळे त्यातले काय जसेच्या तसे कामी येते आणि काय आपल्याला जुळवून घ्यावे लागते, हे सविस्तर सांगणे मला गरजेचे वाटते.

ज्यांच्या घरात मशेरी नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. तंबाखूची पाने तव्यावर किंवा पत्र्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरून किंवा वाटून त्यांची पूड करायची आणि ती डबीत भरून ठेवायची. भाजताना घरभर ठसका उठतो, म्हणून हे काम बहुधा दुपारी, पुरुष माणसे बाहेर असताना होते. उठल्यावर पहिल्यांदा लावायची, मग जेवणानंतर, मग कामाचा शीण आला की, आणि सवय वाढली की केव्हाही. पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात आणि मुंबईच्या चाळी-वस्त्यांत कित्येक घरांत आजी, आई आणि लेक एकाच डबीतून मशेरी घेतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे १७ टक्के स्त्रिया तंबाखूचे सेवन करतात असे आढळले. एकूण स्त्रियांपैकी धूर ओढणाऱ्या जेमतेम दीड टक्का होत्या, बाकी सेवन करणाऱ्या जवळजवळ सगळ्या तोंडात तंबाखू ठेवणाऱ्या किंवा लावणाऱ्या होत्या. म्हणजे या राज्यातल्या बाईचे व्यसन म्हटल्यावर चित्रपटातली हातात पेला घेतलेली बाई डोळ्यांसमोर येत असली, तरी संख्येने पाहिले तर ते व्यसन चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवलेल्या डबीत आहे.

तंबाखू भाजल्याने तिचे विष मरते, असा समज मी लहानपणापासून ऐकत आले. वस्तुस्थिती उलट आहे. पान जळताना बेंझोपायरीनसारखी कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्ये तयार होतात आणि मूळच्या निकोटीनच्या जोडीला तीही हिरड्यांतून अंगात जातात. १९९२ मध्ये केंद्र सरकारने दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी घातली, कारण दात घासण्याच्या नावाखाली लोकांना तंबाखूची सवय लागत होती. घरी भाजलेल्या मशेरीला अर्थातच ही बंदी लागू पडली नाही.

आता लाजेविषयी, कारण सेवा वापरायची की नाही हे बाईच्या बाबतीत शेवटी त्यावरच ठरते. मशेरीची लाज दोन तऱ्हांची असते आणि ती एकाच बाईच्या अंगी नांदते. पाटण खोऱ्यातल्या माझ्या माहेरी मशेरी लावण्यात लपवण्यासारखे काहीच नव्हते. पहिली पाळी आली तेव्हा पोटदुखीवर आणि त्यापूर्वी दाढदुखीवर आजीनेच ती माझ्या हिरडीला लावली होती. पुढे शिकून तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरीला लागल्यावर तीच गोष्ट अचानक अडाणीपणाची खूण झाली. मग दार लावून घेणे आले, वेलदोडा चघळणे आले, हसताना ओठ मिटलेले ठेवणे आले, सहलीला जाताना सामानाच्या तळाशी डबी दडवणे आले. पुरुष सहकारी टेबलाशी बसून तंबाखू मळत असत आणि त्यांना कुणी काही म्हणत नसे. बाई मात्र थुंकूही शकत नाही. ती तोंडातले गिळते, आणि त्याचा त्रास तिच्या पोटाला होतो.

ही लाज दवाखान्यातही सोबत येते. दाताच्या एका डॉक्टरांनी, बाहेर बसलेल्या रुग्णांना ऐकू जाईल अशा आवाजात, ‘तुम्ही शिकलेल्या दिसता, तरी मशेरी?’ असे मला विचारले, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे मी दात दाखवायला गेलेच नाही. बाळंतपणासाठी नाव नोंदवताना तंबाखू खाता का असे विचारले जाते आणि बऱ्याच बायका सरळ ‘नाही’ म्हणतात. त्या खोटे बोलत नसतात. मशेरी त्यांच्या हिशेबी खाण्यात मोडतच नाही. या नकाराची किंमत मोठी आहे. २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता; त्यात तंबाखू किंवा मशेरी वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि त्यांचे दिवसही सरासरी सहा दिवस आधी भरले. मशेरीने कळा सुसह्य होतात असे सांगणाऱ्या सुइणी मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापर्यंत ही माहिती कुणी नेलीच नव्हती.

सोडायचे ठरवल्यावर मी प्रथम एका सरकारी रुग्णालयातील समुपदेशन कक्षात गेले. कक्ष म्हणजे औषधांच्या रांगेला लागून ठेवलेले एक टेबल होते. समोरच्या भिंतीवर पुरुषांच्या जबड्यांची चित्रे होती आणि नाव, गाव, व्यसन असे रकाने असलेले मोठे रजिस्टर उघडे पडले होते. माझ्या आधी बसलेल्या गृहस्थांचा तपशील मला वाचता येत होता. म्हणजे माझा तपशील माझ्या मागच्याला वाचता आला असता. रांगेत आमच्या पतसंस्थेचे दोन खातेदार उभे होते. मी रक्तदाब तपासून परत आले. तिथल्या कर्मचाऱ्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण जागाच तेवढी होती. परंतु लहान गावात ज्या बाईला सगळे ओळखतात, तिच्यासाठी असे उघडे टेबल असून नसल्यासारखेच असते.

१८००-११-२३५६ या सेवेचे मोल मला त्यानंतर कळले. ही सेवा २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत सुरू झाली आणि पुढे मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बंगळूरची निम्हान्स आणि गुवाहाटीची बरुआ कर्करोग संस्था येथे तिचा विस्तार झाला. मुंबईच्या केंद्रामुळे मराठीतून बोलण्याची सोय झाली, आणि आपल्या विषयात ही सोय नुसती सवलत म्हणून पाहता येत नाही. मशेरी भाजली, लावली, डबी संपली, तोंड सुने पडले, हे सगळे सांगायला दुसऱ्या भाषेत शब्दच नाहीत. फोन लावल्यावर भाषेची निवड विचारली जाते, थोडे थांबावे लागते आणि मग समुपदेशक बोलू लागतात. माझ्याशी बोलणाऱ्या ताईंना मी फक्त पहिले नाव सांगितले, ते पुरले.

त्यांनी विचारलेले प्रश्न साधे होते. उठल्यापासून किती वेळात पहिल्यांदा लावता? दिवसातून किती वेळा? आजारी असतानाही लावता का? घरात आणखी कोण लावते? यापूर्वी सोडून पाहिली होती का, आणि तेव्हा पुन्हा कशामुळे सुरू झाली? यातला दुसरा प्रश्न आला तेव्हा मी गप्प झाले, कारण मी तो आकडा आजवर कुणालाच सांगितला नव्हता आणि मनातही नीट मोजला नव्हता. ताई थांबून राहिल्या. त्यांनी मधे काही सुचवले नाही, घाई केली नाही. मी मोजून सांगितले, आणि त्यांनी तो आकडा वाण्याची यादी लिहून घ्यावी तितक्या सहजपणे लिहून घेतला. पलीकडच्या माणसाला माझा चेहरा दिसत नव्हता, माझे आडनाव, माझे गाव, माझे काळवंडलेले दात काहीच ठाऊक नव्हते, आणि म्हणूनच मी खरे बोलू शकले. समोरासमोर बसून होणारे समुपदेशन नक्कीच अधिक सखोल असेल. परंतु ज्या बाईला लाजेने वर्षानुवर्षे तोंड उघडू दिलेले नाही, तिला पहिले वाक्य बोलण्यासाठी फोनसारखी जागा नाही, असे माझे अनुभवाअंती ठाम मत झाले आहे.

त्यानंतर सोडण्याचा दिवस ठरवायचा असतो. तो फार लांबचा नको आणि लगेच उद्याचाही नको, असे त्यांनी सांगितले. मला एकादशी धरायची होती. ताईंनी विचारले की त्या दिवशी उपवास असतो का, आणि उपाशीपोटी तलफ अधिक छळते म्हणून दुसरा दिवस सुचवला. ठरवलेल्या दिवसापूर्वी घरातली मशेरी, पाने, भाजण्याचा पत्रा आणि डबी बाहेर काढायची होती. ज्या ज्या वेळी हात डबीकडे जातो त्या वेळांची यादीही करायची होती. ही यादी करताना मला पहिल्यांदा दिसले की माझ्या निम्म्या वेळा तलफेच्या नव्हत्याच. सासूबाईंचे काही बोलणे झाले की, हिशेब जुळेना की, सगळ्यांची जेवणे उरकून ओटा पुसून झाला की, म्हणजे दिवसातली जी चार मिनिटे कुणाचीच नसतात ती मशेरीची होती. घरातल्या बाईला ‘जरा बसते’ म्हणण्याची मुभा नसते. ‘मशेरी लावून येते’ म्हटले की मात्र कुणी हाक मारत नाही. ती चार मिनिटे मशेरी गेल्यावरही माझीच राहायला हवीत, हे ताईंनी ओळखले आणि त्या वेळी दारात जाऊन बसायचे, काहीही काम हाती घ्यायचे नाही, असे ठरवून दिले. या सेवेकडून मिळालेला हा सर्वांत मोलाचा सल्ला होता आणि तो कुठल्याही पत्रकात छापलेला मी पाहिलेला नाही.

तलफ आली की काय करायचे, हे त्यांनी चार भागांत सांगितले. काही मिनिटे पुढे ढकला, दीर्घ श्वास घ्या, घोट घोट पाणी प्या, मन दुसरीकडे वळवा. हे ऐकायला फार साधे वाटते. पण तलफ चढते तशी काही मिनिटांत उतरतेही, हे ठाऊक झाल्यावर ती मिनिटे घड्याळाकडे पाहत काढता येतात. ते ठाऊक नसेल तर ती कधीच संपणार नाही असे वाटून माणूस शरण जातो.

एका गोष्टीबद्दल मात्र मशेरी लावणाऱ्या बाईने स्वतःहून विचारावे, आणि ती म्हणजे शौचाची अडचण. मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, हे आपल्याकडे इतक्या बायका सांगतात की ते निव्वळ मनाचे खेळ नसणार, आणि नसतेही. निकोटीन आतड्यांना चालना देते, त्यामुळे ते बंद झाल्यावर बद्धकोष्ठ होणे हे सोडण्याच्या काळातले नेहमीचे लक्षण आहे. पहिले काही दिवस हा त्रास खरोखर होतो, डोके जड राहते, चिडचिड होते, झोप तुटते, आणि अनेकजणी नेमक्या इथेच पुन्हा डबी उघडतात. संकोच बाजूला ठेवून मी हे बोलले तेव्हा रात्री इसबगोल, पहाटे कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि पपई, असा सरळ उपाय मिळाला. काही आठवड्यांत पोट आपले आपण चालू लागले. हे आधी कुणी सांगितले असते तर माझ्या आईचे मागचे प्रयत्न वाया गेले नसते, असे मला राहून राहून वाटते.

सेवेच्या वेळा ही तिची मुख्य उणीव आहे. ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते. सिगारेट ओढणाऱ्याचा दिवस त्यात बऱ्यापैकी बसत असेल. मशेरीची सर्वांत कठीण वेळ मात्र पहाटे पाचची असते, जेव्हा पाणी भरायचे असते, डबे करायचे असतात आणि अंग उठायला तयार नसते. त्या वेळी फोनवर कुणी नसते. म्हणून पहाटेची तयारी आदल्या दिवशीच्या फोनमध्ये करून घ्यावी. सेवेकडून नंतर स्वतःहून फोन येतात आणि चौकशी होते, ही मात्र फार चांगली पद्धत आहे. ठरलेल्या दिवशी कुणीतरी विचारणार आहे, एवढ्यानेही मन सावरते.

पहाटेसाठी माझ्या कामी आले ते च्युइंगम. निकोटीनचे च्युइंगम म्हणजे तंबाखूऐवजी तंबाखूच खाणे, असा आक्षेप घरातून आला, म्हणून स्पष्ट करते. त्यात निकोटीन असते, परंतु तंबाखूचे पान आणि ते भाजल्याने तयार होणारी कर्करोगकारक द्रव्ये नसतात. मात्रा मोजून दिलेली असते आणि ती आठवड्यागणिक कमी करत साधारण तीन महिन्यांत थांबवायची असते. २ आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत ते येते. २ मिलिग्रॅमचे मला दुकानात चिठ्ठीशिवाय मिळाले. ४ मिलिग्रॅमचे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने तर कुठलेही स्वतःच्या मनाने घेऊ नये. सिगारेट सोडणाऱ्यांवर झालेल्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा निकोटीनच्या अशा उपचारांनी सोडण्याचे प्रमाण ५० ते ६० टक्क्यांनी वाढते असे दिसले आहे. तोंडाने घेतल्या जाणाऱ्या तंबाखूबाबत पुरावा इतका भक्कम नाही, हेही खरे आहे. त्यामुळे च्युइंगम आणले म्हणजे काम झाले असे कुणी मानू नये.

ते चघळण्याची पद्धत चुकली तर पैसे वाया जातात आणि उचक्या लागतात. नेहमीच्या च्युइंगमसारखे भराभर चावायचे नाही. सावकाश काही वेळा चावायचे, मिरीसारखी तिखट चव आली की थांबायचे, आणि ते गाल व हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्यायचे. चव ओसरली की पुन्हा थोडे चावायचे. असे अर्धा तास चालते. निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच शोषले जायला हवे. लाळेबरोबर गिळले तर पोटात जळजळ होते आणि तलफही भागत नाही. मशेरीवाल्या बाईला गिळण्याची सवय असते, म्हणून तिने इथे विशेष लक्ष द्यावे. चघळण्याआधी पंधरा मिनिटे आणि चघळत असताना चहा, सरबत, ताक काही घ्यायचे नाही, आणि पहाटेच्या चहाच्या घरात हे पाळणे अवघड जाते. मी चहा मागे सरकवला. सुरुवातीच्या दिवसांत मला दिवसातून आठ-दहा वेळा च्युइंगम लागत असे आणि त्याचा खर्च मशेरीच्या कितीतरी पट होता. घरखर्चाच्या पैशांतून हे बाजूला काढणे प्रत्येकीला शक्य नाही. जिल्हा रुग्णालयांतील तंबाखूमुक्ती केंद्रांत औषधांची चौकशी जरूर करावी.

आणखी एक अडचण वयस्कर बायकांची आहे. वर्षानुवर्षे मशेरी लावून हिरड्या सुटलेल्या असतात, दात हलत असतात, कुणाला कवळी असते. तिथे हे च्युइंगम कवळीला चिकटते आणि हिरडी दुखते. माझ्या आईला ते जमले नाही. तिच्यासाठी फोनवरून दुसरा मार्ग सांगितला गेला: वेळा हळूहळू कमी करायच्या, डबी स्वयंपाकघरातून उचलून उठून जावे लागेल अशा जागी ठेवायची आणि हिरडीला काहीतरी हवे असते म्हणून बडीशेप किंवा लवंग धरायची. आईची मशेरी अजून पूर्ण सुटलेली नाही. पहाटेची एक वेळ राहिली आहे. ज्या बाईला साठ वर्षांत मशेरी कधी सोडता आली नव्हती, तिच्या बाबतीत मी याला यशच मानते. तिच्या गालात आत पांढरा चट्टा दिसला तेव्हा मात्र आम्ही वाट पाहिली नाही, लगेच दाखवून घेतले. तोंडातला चट्टा किंवा न भरणारा व्रण पंधरा दिवसांपेक्षा अधिक राहिला तर प्रत्येकीने हेच करावे.

माहेरच्या लग्नात काय झाले तेही सांगायला हवे. हळदीच्या रात्री सगळ्या बायका अंगणात बसल्या होत्या, डबी फिरत होती, आणि चुलत बहिणीने ती माझ्यापुढे धरली तेव्हा मी बोट बुडवले. बायकांच्या बैठकीत मशेरी नाकारणे म्हणजे त्या बैठकीतून उठून जाण्यासारखे वाटते, आणि ज्या बैठकीत आपल्याला कुणी शिकलेली, नोकरीवाली म्हणून वेगळे बसवत नाही ती कुणाला सोडवते? मी पुढच्या आठवड्यात फोन केला तेव्हा ‘का लावली’ असे मला कुणी विचारले नाही. त्याआधी काय चालले होते, किती वेळ झोप झाली होती, शेजारी कोण होते, असे विचारले. या प्रश्नांनी मला गुन्हेगार केले नाही आणि प्रसंगही झाकला नाही. पुढच्या वेळेसाठी एक वाक्य तयार करून ठेवायचे ठरले: ‘हिरडीचं औषध चालू आहे, डॉक्टरांनी बंद केली आहे.’ ते खरेच होते, कुणाचा अपमान होत नव्हता आणि बैठकही सोडावी लागत नव्हती. सेवा देणाऱ्यांना बायकांच्या जगण्याची जाण असेल तर सल्ला किती नेमका होऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

दारू, झोपेच्या गोळ्या किंवा इतर अमली पदार्थांसाठी ही सेवा नाही. त्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे, मन फार खचले असेल तर २०२२ पासून चालू असलेली टेलिमानस १४४१६ आहे, आणि दाखल होण्याची गरज असेल तर १९८६ पासून काम करणाऱ्या पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभाग आहे. मी त्यांचा वापर केलेला नाही, म्हणून त्यांवर अभिप्राय देत नाही.

या दूरध्वनी सेवेला माझ्याकडून पाचपैकी चार गुण. एक गुण मी सेवेच्या कामासाठी कापलेला नाही, ती बाईपर्यंत पोहोचतच नाही म्हणून कापला आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर, ८५ टक्के जागा व्यापणाऱ्या चित्रमय इशाऱ्यासोबत छापला जातो. मशेरीची पाने मात्र आठवडी बाजारात वजनावर, रद्दीच्या कागदात बांधून मिळतात. त्यावर ना चित्र असते ना क्रमांक. सुटी सिगारेट आणि बिडी घेणाऱ्याला पाकिटावरचा इशारा दिसत नाही, म्हणून महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये त्यांच्या सुट्या विक्रीवर बंदी आणली, पण बाई जी सुटी तंबाखू घेते तिचा विचार त्यात नव्हता. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाची जी प्रश्नावली भरून घेतात, तिच्या केंद्राने केलेल्या मूळ नमुन्यात धूरविरहित तंबाखूची उदाहरणे म्हणून गुटखा आणि खैनी दिलेली आहेत. आमच्याकडे खैनी कुणी म्हणतही नाही. ‘मशेरी लावता का’ असा नावानिशी प्रश्न विचारला तर उत्तरे वेगळी येतात, हे आमच्या वाडीतल्या आशाताईंनी स्वतःहून विचारायला सुरुवात केली तेव्हा दिसले. बचत गटाच्या मासिक बैठकीत, हळदीकुंकवाला, रेशन दुकानाच्या फळ्यावर, एसटी स्थानकातल्या बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला, म्हणजे बाई एकटी असताना वाचू शकेल अशा जागी हा क्रमांक लिहिला गेला पाहिजे.

फोन करू इच्छिणाऱ्या मैत्रिणींसाठी शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. घरात फोन एकच असेल आणि तो मुलाकडे किंवा मालकांकडे राहत असेल, तर पहिल्याच वेळी तसे सांगावे आणि पुढचे फोन कोणत्या वेळी आलेले चालतील हे ठरवून घ्यावे. दुपारी दोन ते चारची वेळ बहुतेकींना सोयीची पडते. नाव सांगायचे नसेल तर तसेही स्पष्ट बोलावे. डबी दिवसातून किती वेळा उघडते हे आधी दोन दिवस कॅलेंडरवर रेघा मारून मोजून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी गडबड होत नाही. बोलायला सुरुवात कशी करावी हे कळत नसेल तर ‘मी मशेरी लावते’ एवढेच म्हणावे. पुढचे प्रश्न तेच विचारतात.